आठवण सांभाळणारा म्हातारा

'युटोपिया' हा शब्द जगाला दिला तो एका कॅथलिक संताने. सर थॉमस मोर यांनी १५१६ साली लॅटिनमध्ये त्या नावाचे पुस्तक लिहिले आणि कोठेही नसलेल्या एका बेटावरील आदर्श समाजाचे चित्र रंगविले. त्या बेटावरील चोपन्न शहरे जवळजवळ एकाच साच्याची आहेत. सर्वांचे कपडे सारखे, घरे सारखी, आणि घराचा मोह जडू नये म्हणून दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरांची अदलाबदल. पुढे १५३५ साली राजाच्या इच्छेपुढे मान न तुकविल्यामुळे याच थॉमस मोर यांचा शिरच्छेद झाला आणि १९३५ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद बहाल केले. जो मनुष्य सद्सद्विवेकबुद्धीसाठी साऱ्या दरबारात एकटा उभा राहिला, त्याच्याच कल्पनेतील बेटावर एकट्याने उभे राहण्यास फारशी जागा नाही, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. मोर यांनी ते बेट कितपत गंभीरपणे रंगविले आणि कितपत मिश्कीलपणे, यावर पंडितांचे एकमत नाही. ते असो.

या आदर्श बेटाची उलटी बाजू दाखविणाऱ्या साहित्याला इंग्रजीत 'डिस्टोपिया' म्हणतात. मराठीत आपण त्याला 'दुःस्वप्नलोक' म्हणू. हक्स्ले यांची १९३२ सालची आणि ऑर्वेल यांची १९४९ सालची कादंबरी सर्वपरिचित आहे. त्यांच्याही आधी, १९०७ साली, कँटरबरीच्या आर्चबिशपांचे चिरंजीव आणि पुढे कॅथलिक धर्मगुरू झालेले रॉबर्ट ह्यू बेन्सन यांनी 'लॉर्ड ऑफ द वर्ल्ड' ही कादंबरी लिहिली होती. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली तिची जाहीर शिफारस केली, तेव्हा कोठे आपल्यापैकी अनेकांनी तिचे नाव प्रथम ऐकले. पण ही सारी प्रौढांची पुस्तके. या लेखात मला बोलायचे आहे ते कुमारवयीन वाचकांसाठी लिहिल्या गेलेल्या दुःस्वप्नलोकाविषयी, आणि विशेषतः एका पुस्तकाविषयी. लोइस लौरी या अमेरिकन लेखिकेची 'द गिव्हर' ही कादंबरी १९९३ साली प्रसिद्ध झाली, दुसऱ्याच वर्षी तिला बालसाहित्याचे न्यूबेरी पदक मिळाले, आणि त्यानंतर तिकडच्या अनेक शाळांत ती शिकविली गेली. त्याच दशकात ती ग्रंथालयांतून काढून टाकावी म्हणून पालकांनी सर्वांत जास्त तक्रारी केलेल्या पुस्तकांतही तिचे नाव होते. एकाच पुस्तकाच्या वाट्याला हे दोन्ही यावे, यात काहीतरी तथ्य असले पाहिजे.

कथा थोडक्यात सांगतो. योनास नावाचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा एका नेटक्या, शांत, सुव्यवस्थित वस्तीत राहतो. तेथे भूक नाही, भांडण नाही, वेदना नाही. प्रत्येक कुटुंबाला अर्ज केल्यावर एक मुलगा आणि एक मुलगी मिळते. नऊ वर्षांच्या मुलांना सायकल मिळते आणि बाराव्या वर्षी वडीलधाऱ्यांची समिती भर सभेत प्रत्येकाचा व्यवसाय जाहीर करते. सकाळी न्याहारीच्या वेळी रात्रीची स्वप्ने सांगायची, संध्याकाळी जेवताना दिवसभराच्या भावना सांगायच्या, असा शिरस्ता. भावना सांगितली की तिचे निरसन करून टाकायचे. या वस्तीला रंग दिसत नाहीत, संगीत ऐकू येत नाही, डोंगर नाही, बर्फ नाही, ऊनही नाही. हे सारे केव्हातरी सोडून दिले गेले, कारण त्यातून फरक निर्माण होत होता आणि फरकातून दुःख.

मात्र सोडून दिलेल्या गोष्टींची आठवण पुसता येत नाही, कोठेतरी ठेवावीच लागते. म्हणून वस्तीने ती एका माणसात ठेवली आहे. तो म्हातारा एकटा राहतो. साऱ्या मानवजातीच्या आठवणी त्याच्या देहात आहेत. समितीला अडचण आली की ती त्याचा सल्ला घेते. लोकसंख्या वाढवावी काय, असे एकदा समिती विचारते आणि तो नको म्हणतो, कारण भूक म्हणजे काय हे त्या साऱ्या वस्तीत त्या एकट्याला आठवते. योनासची निवड त्याचा वारस म्हणून होते. म्हातारा मुलाच्या उघड्या पाठीवर हात ठेवतो आणि आठवण त्याच्यात उतरते. प्रथम बर्फावरून घसरगाडीची सैर, मग ऊन, मग उन्हाने भाजलेले अंग, मोडलेला पाय, भूक, आणि शेवटी रणांगणावर पाणी मागत मरणारा एक पोरगा.

हात ठेवून वारसा सोपविण्याची ही क्रिया वाचताना कोणाही धर्मगुरूला आपल्या गुरुदीक्षेची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. लेखिकेच्या मनात ते होते की नाही, मला ठाऊक नाही आणि तो प्रश्न महत्त्वाचाही नाही. महत्त्वाचे हे की ज्ञान पुस्तकातून वाचून घेता येते, पण आठवण कोणीतरी दुसऱ्याने द्यावी लागते, आणि देणाऱ्याचे त्यात काहीतरी खर्च होते. या कादंबरीत दिलेली आठवण देणाऱ्याजवळ उरत नाही. हा तपशील फार परिणामकारक झाला आहे.

कादंबरीतील सर्वांत भयंकर प्रकरणात एकही राक्षस नाही. योनासचे वडील अर्भकांची देखभाल करणारे, प्रेमळ, थोडे विनोदी गृहस्थ. जुळी बाळे जन्माला आली की त्यांपैकी हलक्या वजनाच्या बाळाला 'रिलीज' करायचे, असा नियम आहे. ते कसे करतात हे योनास प्रथमच पाहतो. वडील बाळाशी लाडिक आवाजात बोलत त्याच्या कपाळातील शिरेत सुई टोचतात, देह एका खोक्यात घालून विल्हेवाटीच्या झरोक्यात सोडतात आणि निरोपाचे शब्द उच्चारतात. त्यांच्या मनात क्रौर्य नाही, कारण मरण म्हणजे काय हे त्यांना आठवतच नाही. पाप करण्यासाठी आठवण लागते, असे मला हे प्रकरण वाचताना प्रथमच जाणवले. सेमिनरीत शिकलेल्या नीतिशास्त्रात पूर्ण ज्ञान आणि पूर्ण संमती या दोन अटी आम्ही पाठ केल्या होत्या. त्यांतील पहिली अट एखाद्या समाजातून पद्धतशीरपणे काढून घेता येते, हे तेथे कोणी शिकविले नव्हते.

हे पुस्तक मराठीत आणायचे तर काय करावे लागेल, याचा विचार करताना मला दोन-तीन शब्दांनी अडविले. 'रिलीज' या शब्दाला सहज सुचणारा शब्द म्हणजे 'मुक्ती'. इंग्रजीत तो शब्द कचेरीतला, थंड. मराठीत मात्र 'मुक्ती' म्हटले की वारकऱ्यांपासून ख्रिस्ती भाविकांपर्यंत सर्वांच्या मनात एक पवित्र तार झंकारते. त्यामुळे बाळाला 'मुक्त केले' हे वाक्य इंग्रजीपेक्षा मराठीत अधिक अंगावर येईल. दुसरा शब्द 'सेमनेस'. त्याला 'समता' म्हणता येणार नाही. 'सारखेपणा' म्हणावे लागेल. आणि तिसरा शब्द खुद्द 'स्मृती'. तो आपल्या भाषेत इतका निरागस नाही. त्याविषयी आता सांगतो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या धर्मग्रामातील आठवी ते दहावीच्या काही मुलामुलींना मी ही गोष्ट चार संध्याकाळी मिळून मराठीतून सांगितली. रंग नसलेल्या जगाची कल्पना त्यांना फार आवडली. बर्फ आणि घसरगाडी त्यांनी सिनेमातले म्हणून स्वीकारले. परंतु एका मुलाने जो प्रश्न विचारला, तो या कादंबरीवर मी वाचलेल्या कोणत्याही समीक्षेत मला आढळलेला नाही. तो म्हणाला, 'फादर, त्या लोकांनी सगळ्यांच्या कातडीचा रंग एक केला, कोण कुठला हे कोणाला आठवत नाही, मग यात वाईट काय झाले? माझ्या आजोबांना विहिरीपासून लांब उभे राहावे लागायचे. हे मी विसरलो तर माझे काय नुकसान?'

वाचकहो, मराठवाड्यातील आपल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचा पूर्वेतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रश्नाचे वजन कळेल. मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. अमेरिकेतील सुखवस्तू उपनगराला सारखेपणाचे भय वाटते, कारण तेथे फरक म्हणजे आवडीनिवडीचा फरक. आमच्या गावात फरक म्हणजे पाणवठ्याचा फरक होता. तेथे सारखेपणा ही अडकण, येथे सारखे होणे हीच सुटका. 'द गिव्हर'च्या लेखिकेला हा प्रश्न पडलेलाच नाही, आणि माझ्या मते हीच या कादंबरीची खरी मर्यादा आहे. पूर्वी माणसांच्या कातडीचे रंग निरनिराळे होते, एवढे म्हातारा एका वाक्यात सांगतो आणि कथा पुढे जाते. त्या रंगांवरून माणसांनी माणसांचे काय केले, ती आठवण योनासला कधीच दिली जात नाही. युद्ध दिले, भूक दिली, हत्तीची शिकारही दिली, पण गुलामगिरी दिली नाही. अमेरिकन लेखिकेच्या हातून हे सुटावे, याचे आश्चर्य वाटते.

आणि तरीही त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर 'विसर' असे नाही. ते उत्तर मराठी साहित्यानेच दिलेले आहे. 'स्मृती' या शब्दाने आपल्याकडे एका धर्मशास्त्राचा बोध होतो, आणि त्या स्मृतीची डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी, म्हणजे नाताळच्याच दिवशी, होळी झाली. लादलेली स्मृती जाळणाऱ्या त्याच परंपरेने पुढे स्वतःची आठवण मात्र जिवापाड जपली. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली, शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली. या लेखकांना विसरणे सोयीचे होते. शिकून, नोकरी धरून, शहरात नाव-पत्ता बदलून ते सारखे होऊ शकले असते. त्यांनी आठवण निवडली. समता हवी म्हणून आठवायचे, आणि सारखेपणा हवा म्हणून विसरायचे, या दोहोंतील अंतर त्या पुस्तकांइतके स्पष्टपणे मला दुसरीकडे कोठे दिसले नाही. आमच्या लोकांच्या बाबतीत तर विसरणे हे सरकारी कागदानेच सांगितले आहे. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींची ओळख प्रथम हिंदूंपुरती मर्यादित झाली, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. स्नानसंस्काराने जात गेली असे कागद म्हणतो. गावाला ती नीट आठवते. योनासच्या वस्तीत सारे विसरतात आणि एकाला आठवते. येथे साऱ्यांना आठवते आणि एकानेच विसरावे अशी अपेक्षा. दुःस्वप्नलोकाची ही जात पाश्चात्त्य कादंबरीकारांना ठाऊक नाही.

मग मराठीत कुमारांसाठी असे काही लिहिले गेले आहे काय? विज्ञानकथेची आपली परंपरा लहान असली तरी कसदार आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठविली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. २०२५ साली ते निवर्तले तेव्हा त्यांच्या कथांवर वाढलेल्या दोन-तीन पिढ्या हळहळल्या. 'वामन परत न आला' ही त्यांची १९८६ सालची कादंबरी आपल्या विषयाला सर्वांत जवळची. खोल खोदकामात एक कुपी सापडते. कोणे एके काळी नाहीशा झालेल्या प्रगत संस्कृतीने आपले ज्ञान तिच्यात साठवून ठेवलेले असते. त्या ज्ञानाच्या आधारे आजचे शास्त्रज्ञ वामन नावाचा यंत्रमानव घडवितात, आणि ज्या वाटेने ती संस्कृती लयाला गेली त्याच वाटेवर आपणही पाऊल टाकीत आहोत, हे त्यांना फार उशिरा उमगते. येथेही आठवण आहेच, पण ती कुपीत बंद आहे. तिच्यातील कौशल्य घेतले जाते, इशारा घेतला जात नाही. आजच्या यंत्रबुद्धीच्या दिवसांत हे पुस्तक पुन्हा काढून वाचावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

परंतु नारळीकरांच्या कादंबरीतील धोका यंत्राकडून येतो, समाजाकडून नव्हे. आपल्या विज्ञानकथेने यंत्रमानवाला घाबरायला शिकविले. शेजाऱ्याला, भावकीला, 'लोक काय म्हणतील' या वाक्याला घाबरून माणूस कसा सारखा होत जातो, हे तिने फारसे दाखविले नाही. ते काम आपल्या ग्रामीण आणि दलित साहित्याने केले, पण ते प्रौढांसाठी. बारा-चौदा वर्षांच्या मुलासाठी ते कोणी केले? 'किशोर' मासिक १९७१ पासून चालू आहे, त्याने कितीतरी चांगले लेखक मुलांना दिले. पण आपल्याकडे कुमारसाहित्य म्हणजे साहस, विनोद आणि संस्कार या तीन खुंट्यांवर टांगलेली वस्तू, ही समजूत अजून सुटत नाही. मुलांना भीतिदायक प्रश्न विचारायचे नाहीत, असा आपला मोठ्यांचा अलिखित करार आहे.

वास्तविक बाराव्या वर्षी व्यवसाय वाटून देणाऱ्या समितीचे चित्र आमच्या परभणी-लातूर-नांदेडच्या मुलांना अजिबात अपरिचित नाही. फक्त आमची समिती दहावीच्या निकालानंतर बसते. 'लातूर पॅटर्न' हा शब्द ऐंशी-नव्वदच्या दशकांत घडला आणि साऱ्या महाराष्ट्रात गेला. त्यामागे कष्ट होते, खेड्यातील पोरांना मोठ्या शहरांच्या बरोबरीने उभे करण्याची ईर्ष्या होती, हे मी मान्य करतो. शेतकऱ्याची मुलगी त्या वाटेने डॉक्टर झाली, ही लहान गोष्ट नव्हे. पण सेलू किंवा जिंतूरहून एखाद्या खोलीत राहायला जाणारे सोळा वर्षांचे पोर पहाटेपासून रात्रीपर्यंत एकाच प्रकारच्या चार पर्यायांतून एकच उत्तर निवडण्याचा सराव करीत असते, तेव्हा त्याला काय आवडते हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो. योनासच्या समितीने निदान प्रत्येक मुलाचे वर्षानुवर्षे निरीक्षण तरी केले होते! कादंबरी सांगताना मुलांनी या प्रसंगाला सर्वांत मोठ्याने हसून दाद दिली. त्या हसण्यात मला फार आनंद वाटला नाही.

आठवण कशी जाते, याविषयी 'द गिव्हर'पेक्षा आमच्या जिल्ह्याने मला अधिक शिकविले आहे. गोदावरीकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. दळिता-कांडिता त्यांनी देवाशी बोलणे केले, आणि देवच जात्याला हात लावायला आला अशी श्रद्धा लोकांनी सातशे वर्षे जपली. एका दासीने आपल्या नावानिशी, आपल्या आवाजात, देवाला जाब विचारावा, याहून स्वत्वाचे मोठे उदाहरण मला तरी माहीत नाही. ती एकटीच नव्हती. मराठी मुलखातील प्रत्येक घरात पहाटे जाते फिरत असे आणि त्याबरोबर ओवी. हेमा राइरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातवाँ यांनी १९८० नंतरच्या काळात सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत पूर्णा तालुक्यातील ताडकळसच्या एका बाईने गायिलेल्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या आहेत. रामायण पाठ असलेल्या पंडितांना न सुचलेले सीतेचे दुःख त्यांत आहे, कारण गाणारीला ते पोथीतून कळलेले नव्हते.

म्हणजे आमच्याकडे आठवण सांभाळणारा एक म्हातारा नव्हता. हजारो बायका होत्या. आणि हे गाणे कोणी बंद केले? कोणत्या समितीने? कोणीच नाही. गावात विजेची पिठाची गिरणी आली. बायकांच्या खांद्यावरचे जू उतरले. जाते पुन्हा फिरवावे असे मी कोणत्याही बाईला सुचविणार नाही. पण दळण गेले त्याबरोबर ओवीही गेली, आणि ती जात आहे हे कोणाच्या लक्षातही आले नाही. बहुतेक दुःस्वप्नलोकांत विस्मरण हुकुमाने येते. प्रत्यक्षात ते सोयीने येते. हक्स्ले यांना हे ऑर्वेलपेक्षा अधिक कळले होते. लौरी दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहेत. त्यांच्या वस्तीने सारखेपणा निवडला होता, लादून घेतला नव्हता, असे म्हातारा सांगतो. पण त्या निवडीचा दिवस, ती सभा, ते मतदान कादंबरीत येत नाही. मला ते वाचायला आवडले असते.

हुकुमाने आलेल्या विस्मरणाचे उदाहरण पाहायचे तर ते आपल्याच घरात आहे, आणि ते सांगताना धर्मगुरूने तरी आडपडदा ठेवू नये. याच ओवी छंदात इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६४९ आणि १६५४ साली पुन्हा निघाला. नागरी खिळे नसल्याने तो रोमन लिपीत छापावा लागला होता, पण भाषा मराठी, उपमा येथल्या मातीच्या. मग २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी आपली भाषा सोडावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे. त्यामागे काही धर्मगुरूंचाही आग्रह होता. भाषा गेली नाही, ती अशी जात नसते. परंतु त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत अभ्यासकांच्या हाती लागली नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी आणि धर्मग्रामांनी नकलून ठेवलेल्या वह्यांवरून १९०७ साली जोसेफ सलढाणा यांनी तो पुन्हा छापला, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली तो देवनागरीत आला.

अडीचशे वर्षे नकला करणाऱ्या त्या माणसांची नावे बहुधा कोणाला सांगता येणार नाहीत. ते कोणी क्रांतिकारक नव्हते. उपवासकाळात गायला ओव्या हव्यात, एवढ्यासाठी त्यांनी ते केले असावे. रे ब्रॅडबरी यांच्या 'फॅरनहाइट ४५१' या १९५३ सालच्या कादंबरीत पुस्तके जाळली जातात तेव्हा काही माणसे एकेक पुस्तक पाठ करून रानात राहतात. वाचक त्या कल्पनेला दाद देतात. आपल्या पूर्वजांनी ते शाईने आणि बोरूने करून दाखविले, आणि आपल्या मुलांना त्याचा पत्ता नाही. दहावीपर्यंतच्या एकाही पोराने आमच्या वर्गात 'ख्रिस्तपुराण' हे नाव ऐकलेले नव्हते. यावर एखाद्या ताकदीच्या लेखकाने कुमार कादंबरी लिहिली पाहिजे. नकलाकाराच्या घरातील बारा वर्षांची मुलगी, दिवा, झडतीची भीती, आणि वडिलांचे न समजणारे हट्टी मौन. विषय असा हाताशी पडलेला आहे.

'द गिव्हर'नंतर या प्रकारच्या पुस्तकांचा पूर आला. २००८ सालचे 'द हंगर गेम्स' आणि २०११ सालचे 'डायव्हर्जंट' यांचे चित्रपट आपल्या मुलांनी पाहिलेले आहेत. मी दोन्ही पुस्तके वाचली. पहिल्यात दम आहे, भुकेचे वर्णन खरे आहे. दुसरे मला यांत्रिक वाटले. या लाटेत एक खोटी गोष्ट शिरली. नायिका वेगळी असते ती तिच्यात जन्मजात काही विशेष असते म्हणून. इतर सारे मेंढरे, ती एकटी सिंहीण. वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला वाटते की आपणही सिंहच. हे स्वत्व नव्हे, ही शेखी आहे. योनासच्या डोळ्यांतही फिकटपणाची एक खूण आहे खरी, पण त्याला घराबाहेर काढते ती खूण नव्हे. घरात पाहुणा म्हणून आणलेले एक रडके बाळ, गॅब्रिएल, उद्या 'रिलीज' होणार, हे कळल्यावर तो रातोरात सायकलवर त्याला घेऊन निघतो. तो स्वतःसाठी पळत नाही. संत ऑगस्टिन यांनी आपल्या कबुलीजबाबाच्या दहाव्या खंडात स्मृतीच्या विशाल दालनांत देवाचा शोध घेतला आहे. तेथे स्वतःत खोल उतरलेला माणूस स्वतःपाशी थांबत नाही, पलीकडे जातो. लौरी यांचा लहान नायक त्या अर्थाने ऑगस्टिनच्या अधिक जवळचा आहे, आणि नंतरच्या तलवारबाज नायिका नाहीत.

कादंबरीचा शेवट संदिग्ध आहे. थंडीने गारठलेला योनास बाळाला छातीशी धरून टेकडीवरून घसरगाडीने खाली जातो, दूर दिवे दिसतात, गाणे ऐकू येते, किंवा ऐकू आल्याचा भास होतो. तो पोचला की मेला, हे लेखिकेने त्या पुस्तकात सांगितले नाही. पुढे २०००, २००४ आणि २०१२ साली तिने आणखी तीन पुस्तके लिहून मालिका पूर्ण केली आणि तो जगला हे स्पष्ट केले. माझ्या मते हे तिने करायला नको होते. वाचकांच्या पत्रांना लेखकाने इतके वश होऊ नये.

आमच्या मुलांचे मात्र या बाबतीत दोन तट पडले आणि बराच वाद झाला. तो चालू असताना एक मुलगी गप्प होती. शेवटी तिने विचारले की योनास गेल्यावर त्या म्हाताऱ्याचे काय झाले. कारण योनास सीमा ओलांडून गेला की त्याच्या साऱ्या आठवणी वस्तीतील लोकांवर येऊन कोसळणार, हे दोघांनाही ठाऊक होते. म्हणूनच म्हातारा त्याच्याबरोबर गेला नाही. ज्यांना कधी काही दुखले नव्हते अशा शेकडो माणसांना एका रात्रीत भूक, युद्ध, मरण आठवू लागेल, तेव्हा त्यांच्यापाशी कोणीतरी बसायला हवे म्हणून तो मागे राहिला. पुढल्या भागांत त्या वस्तीविषयी ओझरते काही येते, पण ते दिवस येत नाहीत. म्हातारा कोणाच्या दारी प्रथम गेला, योनासच्या वडिलांना त्या जुळ्यांपैकी हलक्या बाळाची आठवण केव्हा झाली, आणि तेव्हा तो त्यांच्याशी काय बोलला, हे लौरी यांनी लिहिलेले नाही.